झेंडूच्या माळेतला इन्व्हर्टर

मी इन्व्हर्टर बोलतोय. एरवी बोलायला मला एक बारीक शिटी तेवढी दिलेली आहे, आणि ती वाजली की घरातलं कुणी ना कुणी ओरडतं, "अरे, बंद करा ते आधी!" आज मात्र मी माझं सगळं म्हणणं मांडणार आहे. मध्ये कुणी बोलायचं नाही.

माझा पत्ता कांजूरमार्ग पूर्व. चार मजल्यांची, बिनलिफ्टची इमारत, दुसरा मजला. दारातून आत आलात की डाव्या हाताला चपलांचं स्टँड आहे आणि त्याला चिकटून, भिंतीच्या कोपऱ्यात घट्ट बसवलेल्या ट्रॉलीवर मी आहे. खाली बॅटरी, वर मी. येणारा पाहुणा चप्पल काढताना तोल सावरायला माझ्या डोक्यावर हात ठेवतो आणि मग मलाच हसतो. "इन्व्हर्टर? मुंबईत लाइट जाते कुठे?" जाते हो, जाते. क्वचित जाते, म्हणून तर त्या वेळी कुणाकडे मेणबत्तीसुद्धा सापडत नाही.

आधी एक गैरसमज दूर करतो. मी वीज तयार करत नाही. घरात लाइट असते तेव्हा भिंतीतली थोडी थोडी वीज मी बॅटरीत भरून ठेवतो आणि लाइट गेली की तीच बाहेर काढून देतो. आता बॅटरीतली वीज असते सरळ एका दिशेने वाहणारी, आणि पंख्याला, दिव्याला लागते ती मागेपुढे झुलणारी. ते झुलवण्याचं काम माझं. साठवायचं काम तिचं. दोघांतलं एक आजारी पडलं की दुसऱ्याचा काही उपयोग नाही. ती अबोल आहे, पाण्यावाचून दुसरं काही मागत नाही. घरातल्यांना माझं नाव पाठ आहे, तिचं नाव कुणी घेत नाही, आणि मला ते आवडत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं फार आठवत नाही. एका मुलीने माझ्या पोटात तांब्याची जड गुंडाळी बसवली, दुसऱ्या कुणी झाकण लावलं. मग तपासणीच्या टेबलावर मला झेपणार नाही एवढा लोड टाकून मुद्दाम पाडलं. मी शिटी मारली, बंद पडलो, आणि लोड काढल्यावर पुन्हा उठलो. तेव्हा कुठे माझ्यावर 'पास'चा कागद चिकटवला. पडलं तरी उठायचं, हे माझं पहिलं आणि शेवटचं शिक्षण.

तिथून मी घाटकोपरच्या एका दुकानात आलो. काचेच्या आड उभा राहून रस्ता बघत होतो. एक दिवस दुकानात एक म्हातारा शिरला. पांढऱ्या झाडूसारख्या मिशा, खांद्याला कापडी पिशवी. मागून त्याचा मुलगा मोबाइलमध्ये काहीतरी वाचत येत होता. म्हातारा आल्या आल्या म्हणाला, "माका न पडणारो होयो." दुकानातला भीमराज हसला नाही. त्याने फक्त विचारलं, "काका, चालवायचं काय आहे त्याच्यावर?"

म्हाताऱ्याचं नाव दत्ताराम. तरुणपणी गिरणीत साचेखात्यात होता. गिरणीत मागाला साचा म्हणतात. संप झाला, गिरणी गेली, मग भांडुपच्या एका कारखान्यात फिटर म्हणून त्याने उरलेली नोकरी काढली. आता मुलगा सुबोध पवईला ऑफिसात जातो, सून जान्हवी घरूनच लॅपटॉपवर काम करते. आणि सुगंधा, दत्तारामची बायको, पलंगावर असते.

माझी गोष्ट खरी तिच्यापासून सुरू होते. त्या वर्षी संक्रांत झाल्यावर एका सकाळी ती स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत बसली होती. खवता खवता उजवा हात थांबला. बोट हलेना, जीभ वळेना. अर्ध्या वाटीत खोबरं तसंच राहिलं. इस्पितळ, इंजेक्शनं, धावपळ हे सगळं झालं आणि ती घरी आली ती उजव्या अंगाने लुळी होऊन. डोकं मात्र पूर्वीसारखंच तल्लख. शब्द अडखळत यायचे, पण आले की नेमके यायचे.

पलंगावर तिच्यासाठी हवेची गादी घातली. त्या गादीला आडव्या नळ्या असतात आणि पलंगाच्या पायथ्याशी एक छोटा पंप घूं घूं करत त्या आळीपाळीने फुगवतो. म्हणजे पाठीचा एकच भाग सारखा दबत नाही, कातडीला जखम होत नाही. व्यायाम शिकवायला दर्शना नावाची मुलगी येते. तिने पहिल्याच दिवशी दत्तारामला बाजूला घेऊन बजावलं, "काका, पाठ जपा. पाठीला जखम झाली तर माझा व्यायाम बंद, आणि व्यायाम बंद झाला तर काकू उभ्या राहणार नाहीत."

दत्तारामने ते मनावर घेतलं. पलंगाजवळ जाऊन म्हणाला, "आयकलंस? दसऱ्याक तू दारात उभी रवान सोना वाटतलंस. मी सांगतंय." याला कारण होतं. दसऱ्याला या इमारतीत प्रत्येक घराला आपट्याचं पहिलं पान सुगंधाबाईंच्या हातचं मिळायचं. ती उंबऱ्यात उभी राहायची आणि जिन्याने जाणाऱ्या-येणाऱ्याला सोडायची नाही. भांडण झालेल्यांनाही पान घ्यावंच लागायचं.

मग एप्रिलमध्ये दुपारी लाइट गेली. दत्ताराम जेवून खुर्चीत पेंगत होता, जान्हवी बँकेत गेली होती. पंप थांबला आणि गादी हळूहळू बसली. सुगंधाला हाक मारता येईना, मारली ती याच्या घोरण्यात बुडाली. लाइट आली तोवर तिच्या कमरेखाली लाल चट्टा उठला होता, आणि पुढे त्याची जखम झाली. ती भरून यायला पाऊस तोंडावर आला. दर्शनाचा व्यायाम तेवढे दिवस थांबला. दत्ताराम त्या दिवसांत दुपारी डोळा मिटत नसे. जखम भरली आणि तो उठून घाटकोपरला आला, न पडणारा इन्व्हर्टर मागायला.

भीमराजने त्याला नीट समजावलं. "काका, गादीचा पंप अगदी कमी खातो. झिरोच्या बल्बएवढं समजा. एकटा पंप लावला तर हा दिवसभर ओढेल. पण तुम्ही दोन पंखे, टीव्ही, वायफाय सगळं लावलंत, तर बॅटरी लवकर रिकामी होणार. हा किती उचलतो ते वेगळं आणि किती वेळ उचलतो ते वेगळं. आणि मिक्सर, फ्रिज, इस्त्री याच्यावर अजिबात नाही."

"मिक्सर खय लावतंय? माझी बायको पाट्यावर वाटता," दत्ताराम म्हणाला. मग आठवून त्याने दुरुस्त केलं, "वाटायची."

माझी जोडणी झाली तेव्हा घरात छोटी निवडणूकच झाली. भीमराज वायर हातात घेऊन विचारत होता, कुठले पॉइंट इन्व्हर्टरवर टाकू? पंपाचा पॉइंट बिनविरोध आला. खोलीतला पंखा आणि ट्यूब आली. सुबोध म्हणाला, हॉलचा पंखा. जान्हवी म्हणाली, "अरे, राउटर! माझी मीटिंग मध्येच तुटली तर वाट लागेल ना!" सगळं आलं. जाताना भीमराजने बॅटरीच्या झाकणांवर बोट ठेवलं. "आतलं पाणी कमी झालं की हे लाल दिसेल. फक्त बॅटरीचं पाणी घालायचं." दत्तारामने मान हलवली.

मग माझे निवांत दिवस सुरू झाले. लाइट जाईना. माझ्यावर वर्तमानपत्रं साठली, जान्हवीचं हेल्मेट आलं, छत्र्या आल्या. एकदा सुबोधने ओले मोजे वाळत घातले. माणसांचं हे मला कळत नाही. गरज लागेल म्हणून एखाद्याला घरात आणतात आणि गरज लागेपर्यंत त्याचं टेबल करून टाकतात.

दत्ताराम तसा नव्हता. तो रोज सकाळी माझ्यावरचा पसारा उचलायचा, कोरड्या फडक्याने मला पुसायचा आणि माझ्या मागच्या पंख्याजवळ कान नेऊन ऐकायचा. गिरणीत साच्याचा आवाज बदलला की त्याला झोपेतसुद्धा कळे म्हणतात. मलाही तो साचाच म्हणायचा. "काय रे साच्या, बरो मां?" मी आपला हिरवा दिवा दाखवायचो. मला तो माणूस आवडतो, हे मी इथेच सांगून टाकतो. पुढे मी त्याच्यावर चिडणार आहे.

पावसात एकदा बॅटरीच्या झाकणावर लाल दिसायला लागलं. दत्तारामने बघितलं. बॅटरीचं पाणी, म्हणजे काय? घरात आजारी माणूस होतं. आजारी माणसाला जे सगळ्यात चांगलं पाणी द्यायचं ते त्याला माहीत होतं. त्याने पातेल्यात पाणी उकळलं, फडक्याने गाळलं, गार केलं, आणि सुगंधाला एक फुलपात्र पाजून उरलेलं बॅटरीला घातलं. नरसाळं धरून, एक थेंब बाहेर सांडू न देता. वर म्हणाला, "पी गो बाय."

पाणी कितीही उकळलं तरी त्यातले क्षार काही जात नाहीत, उलट दाट होतात. माणसाला ते चालतात. बॅटरीला ते आतून खातात. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही. मी रोज तिच्यात वीज भरायचो आणि ती रोज थोडी कमी धरायची. पूर्वी गळ्यापर्यंत भरायची, आता कमरेपर्यंत. मला हे कळत होतं, पण शिटी वाजवायला लाइट जावी लागते आणि लाइट काही जात नव्हती. इतक्या मायेने कुणाला कुणी आजारी पाडलेलं मी पाहिलं नव्हतं.

दरम्यान सुगंधा पलंगाच्या कडेला बसायला लागली. मग दर्शनाने आधार देऊन तिला उभं केलं. मग वॉकर आला. गणपतीत ती वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत आली आणि आरती ऐकून परत गेली. नवरात्राच्या तोंडावर मात्र कमरेखालच्या त्या जुन्या जागी पुन्हा लाली दिसली. जास्त बसणं झालं होतं. दर्शना म्हणाली, "दसऱ्यापर्यंत बसायचं कमी, गादीवर कुशीवर राहायचं. लाली गेली तर उभ्या करते. फुटली तर मी हात लावणार नाही काका, आधीच सांगते." दत्तारामने मिशा चावल्या.

आणि आली खंडेनवमी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं पुजायची. गिरणीत त्या दिवशी साचे धुऊन पुसून, हार घालून बंद उभे ठेवत. एकदा पूजा झाली की दसऱ्याला नारळ फुटेपर्यंत साच्याला कुणी हात लावायचा नाही. दत्तारामने हा नियम गिरणी गेल्यावरही सोडला नव्हता. सकाळीच त्याने माझ्यावरचं सगळं उतरवलं, मला ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसलं, आणि माझं बटण बंद केलं.

"पप्पा, बंद कशाला?" जान्हवीने विचारलं.

"आज त्याची सुट्टी. लाइट आसा तवसर गादीचा पंप चालताच."

हे खरं होतं. लाइट असली की मी बंद असूनही वीज माझ्यातून आरपार जाते. जान्हवीने खांदे उडवले. माझ्यापुढे रांगोळी आली. बाजूच्या पाटावर दत्तारामचा गिरणीतला, सूत नेणारा लाकडी धोटा, पान्हे, जान्हवीचा लॅपटॉप, सुबोधच्या बाईकची चावी आणि सुगंधाची विळी मांडली. पलंगावरून सुगंधाने हुकूम सोडले. "कुंकू आधी नको. हळद आधी." दत्तारामने माझ्या कपाळावर हळद-कुंकू लावलं, दोन पदरी झेंडूची माळ घातली आणि हात जोडून इतक्या हळू बोलला की फक्त मीच ऐकलं. "तिका उभी कर. उद्या तिका उभी कर, मगे काय मागणा नाय."

मला कुणी असं काही मागेल असं वाटलं नव्हतं. मी पंखे चालवणारा. पण मागितलं ते मागितलं. मी मनात म्हटलं, ठीक आहे, बघू.

सुबोधला सुट्टी नव्हती, बाईकची चावी पाटावरच ठेवून तो बसने गेला. जान्हवीने लॅपटॉपला कुंकू लावल्या लावल्या पाटावरून उचलून मीटिंग सुरू केली. सासऱ्याने तिकडे काणाडोळा केला, पोटापाण्याचं काम म्हणून. मग मीटिंगच्या मधल्या वेळात तिने नैवेद्याचं आवरलं. वरण-भात, काळ्या वाटाण्याची उसळ, नारळ घातलेली खीर. देवाला दाखवलं, जेवणं झाली.

आणि भर दुपारी लाइट गेली.

खाली रस्त्यावर कुणी खोदत होतं, त्यात केबल तुटली. हे जिन्यातल्या आरडाओरड्यावरून कळलं. कधी जोडतील ते कुणालाच माहीत नव्हतं. पंखे थांबले. ऑक्टोबरचा उकाडा, त्यात वारा खाडीकडून फिरलेला, म्हणजे डंपिंगच्या कचऱ्याच्या वासाने खिडक्या उघडायची सोय नाही. आणि पंपाची घूं घूं बंद पडली. मी बंदच होतो, शिटीही मारू शकत नव्हतो. कपाळाला कुंकू, गळ्यात माळ, आणि काडीचा उपयोग नाही. असा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

दत्ताराम धावत माझ्यापुढे आला. हात बटणापर्यंत नेला आणि तिथेच थांबवला.

"काय झालं?" जान्हवी मागून आली. "पप्पा, चालू करा ना!"

"आज नाय."

"आज नाय म्हणजे?"

"पूजलेल्या साच्याक हात नाय लावणत. उद्या नारळ फुटल्याबगर नाय."

"अहो, आईंची गादी बसतेय! लाली आहे तिथे आधीच!"

"माका म्हायत हा!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की जिन्यातला गोंगाटही क्षणभर थांबला. मग आवाज खाली आला. "सकाळी मी त्याच्याकडे मागणा केलंय गो. तिच्यासाठी. आता मीच नियम मोडलंय, आणि तिकाच काय झाला तर?"

जान्हवी पुढे झाली. त्याने हात आडवा धरला. तिने त्या हाताकडे बघितलं, सासऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. एरवी फटकळ मुलगी, पण त्या हाताला ढकलून पुढे जाणं तिला जमलं नाही. "ठीक आहे. मग या, आईंना कुशीवर घेऊ," ती म्हणाली. दोघं आत गेली. उशा लावल्या, डाव्या कुशीवर वळवलं. पण सुगंधाचा लुळा खांदा ओढला जात होता आणि गादी खालून बसत चालली होती. एका जागेचा भार दुसरीकडे जात होता, एवढंच. दत्तारामने हाताने गादी चाचपली. नळ्या मऊ पडल्या होत्या.

मी पॅसेजमधून सगळं ऐकत होतो. अरे बाबा, मी म्हणत होतो, साचा नुसता उभा ठेवून तुझी सुगंधा उभी राहणार नाही. दाब ते बटण. पण माझं कोण ऐकणार?

तेवढ्यात सुगंधा बोलली.

"अवो... हय येवा."

"काय गो?"

"माझी विळी... खय आसा?"

दत्तारामला वाटलं, उकाड्याने हिचं डोकं फिरलं. "विळी? विळी पाटार आसा. पूजेत."

"नाय." तिने जिभेला जोर दिला. "पाटार नाय. बघा जावन."

तो बाहेर आला. पाटावर धोटा होता, पान्हे होते, चावी होती. विळी नव्हती. स्वयंपाकघरात ओट्याखाली ती धुऊन उभी करून ठेवली होती. पात्यावर सकाळचं कुंकू अर्धं पुसलेलं, आणि दात्यांत खोबऱ्याचा कीस अडकलेला. तो ती घेऊन तसाच पलंगाशी गेला.

"खिरीक नारळ खयसून इलो?" सुगंधाने विचारलं.

जान्हवी चपापली. "आई, मी... दुसरं काही नव्हतं खवायला. मला वाटलं, चालतं."

"चालता," सुगंधा म्हणाली. "माझी सासू तसाच करी. मीय तसाच केलंय. पूजा सकाळी... आणि दुपारी तिच्यारच नारळ." ती दमली. श्वास घेतला. मग नवऱ्याकडे बघून एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा बोलली. "बायकांच्या हत्यारांक... कधी सुट्टी दिलात? तुमी जेवलात मां? मगे ह्या साच्याकच कित्याक?"

दत्ताराम हातात विळी घेऊन उभा. इतकी वर्षं तो खंडेनवमीला सगळी हत्यारं पुजून, साच्याला हात न लावता, पाटावर जेवायला बसला होता. चूल, पाटा, विळी त्या दिवशीही चालू होती, हे त्याच्या डोळ्यांसमोर होतं आणि त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या मिशा हलल्या. विळी त्याने जपून पाटावर ठेवली.

मग तो माझ्याकडे आला. माझी माळ काढली, कारण जान्हवी म्हणाली, माळेने मागची हवा अडते. ती त्याने फेकली नाही, चपलांच्या स्टँडच्या खिळ्याला लावली. हात जोडले. "रागावू नको रे साच्या." आणि बटण दाबलं.

मी उठलो. अंगात वीज आली. पंप घुमला. खोलीतला पंखा, हॉलचा पंखा, ट्यूब, राउटर, जान्हवीचा चार्जर, सगळे एकदम माझ्यावर तुटून पडले. आणि मी खाली बॅटरीला हाक मारली तेव्हा कळलं की ती किती थकली आहे. भीमराजने सांगितलेला दिवसभर वगैरे काही तिच्यात उरलं नव्हतं. मी थोडाच वेळ चाललो आणि माझी शिटी सुरू झाली. एरवी या शिटीची मला लाज वाटते. त्या दिवशी मी ती जीव तोडून मारली.

"आता काय झालं याला?" जान्हवी वैतागली.

दत्तारामने हात वर करून तिला थांबवलं. कान माझ्याजवळ आणला. किती दिवसांचा सराव होता त्याचा. "ह्येका ओझा झेपणा नाय," तो म्हणाला. "लोड काढ. सगळो काढ."

त्याने हॉलचा पंखा बंद केला. ट्यूब बंद केली. मी शिटी मारतच होतो. जान्हवीने राउटरकडे बघितलं. तो उठताच तिची मीटिंग पुन्हा जोडली गेली होती, कुणी तरी तिचं नाव घेत होतं. तिने राउटरचं बटण स्वतःच खाली केलं, चार्जर काढला, आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं. "सांगते त्यांना नंतर काहीतरी." माझी शिटी विरळ झाली, पण थांबली नाही. आता राहिला होता खोलीतला पंखा. सुगंधाच्या कपाळावरून घाम गळत होता.

"ह्योय बंद करा," सुगंधाच म्हणाली.

दत्तारामने पंखा बंद केला. शिटी थांबली.

आता माझ्यावर एकटा पंप होता. मी बॅटरीला म्हटलं, बाई, एवढंच. एवढंसंच दे, पण देत राहा. आणि ती देत राहिली. मलाही एक नियम आहे. बॅटरी ठरावीक पातळीच्या खाली गेली की मी बंद पडायचं, नाहीतर ती कायमची मरते. तो नियम माझ्या पोटातच लिहिलेला आहे, तो मला मोडता येत नाही. मी त्या पातळीकडे बघत चाललो होतो. तिथे पोहोचायचं नाही, एवढं एकच ठरवलं होतं. माझ्या अंगातली जेवढी म्हणून वीज वाया जाते तेवढी मी आवरून धरली. दिव्याला म्हटलं, लुकलुकू नकोस. ऐकत नाही तो, पण म्हटलं.

खोलीत दत्ताराम कॅलेंडरच्या पुठ्ठ्याने बायकोला वारा घालत होता. हात दुखला की जान्हवी घ्यायची, मग परत तो. मध्ये एकदा सुगंधा म्हणाली, "हळू घाला. केस उडतत." तो हसला. दिवसभरात पहिल्यांदा.

उन्हं कलली, दिवेलागण झाली, आणि त्यानंतर कधीतरी बाहेर पोरांचा गलका झाला, आणि भिंतीतून वीज आली. मी पातळीच्या अगदी काठावर होतो. पण पडलो नव्हतो.

दसऱ्याच्या सकाळी दर्शना सोनं द्यायला म्हणून आली आणि आधी आत गेली. सगळे खोलीच्या दाराबाहेर थांबले. दत्ताराम माझ्या डोक्यावर हात टेकून उभा होता आणि त्याचा सगळा भार माझ्यावर होता. आतून दर्शनाचा आवाज आला. "काकू, लाली फिकी झालीय! फुटली नाही! चला, वॉकर आणा!"

सुगंधा आली. पलंगापासून दारापर्यंत, वॉकर पुढे ठेवत, थांबत, घामाघूम होत. दारात आली तेव्हा जान्हवीने मागून धरलं आणि दर्शनाने तिचा लुळा उजवा हात उचलून माझ्यावर ठेवला, आधाराला. तो हात गार होता, हलका होता, आणि त्याला हळदीचा वास येत होता.

खालच्या मजल्यावरच्या प्रेमाताई जिना चढत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि तिथेच उभ्या राहून रडायला लागल्या. सुगंधाने डाव्या हातात पान घेतलं आणि ती अडली. "डाव्या हातान... सोना कसा देव?"

दत्तारामने स्वतःचा उजवा हात तिच्या हाताखाली धरला. तसंच, दोघांच्या हातांनी मिळून, प्रेमाताईंना पान दिलं. मग इमारतीतल्या प्रत्येकाला तसंच दिलं. दुपारी खिरीला नारळ हवा होता, तेव्हा दत्ताराम स्वतः विळीवर बसला. ओबडधोबड खवला, निम्मा कीस मिशांवर. सुगंधा पलंगावरून हसत त्याला चुका सांगत होती.

दोन दिवसांनी भीमराज आला. त्याने बॅटरीची झाकणं उघडली आणि विचारलं, "काका, पाणी कसलं घातलंत?" दत्तारामने अभिमानाने सांगितलं, उकळून, गाळून, गार करून. भीमराजने कपाळाला हात लावला, पण आवाज मऊच ठेवला. "काका, बॅटरीचं पाणी म्हणजे वेगळं असतं. दुकानात कॅनमध्ये मिळतं. ही आता नाही चालणार जास्त." तिला खाली उतरवली तेव्हा दत्ताराम जिन्यापर्यंत तिच्यामागे गेला. मी कुठे जाणार? मी इथूनच निरोप दिला. त्या दुपारी जे झालं ते तिचं होतं, नाव माझं झालं, एवढं कुणीतरी लक्षात ठेवावं.

आता माझ्या खाली नवी बॅटरी आहे. शेजारी बॅटरीच्या पाण्याचा कॅन, त्यावर जान्हवीने जाड अक्षरांत लिहिलंय, 'पप्पा, हेच'. माझ्यावर पुन्हा हेल्मेट यायला लागलं आहे. सुगंधा रोज सकाळी वॉकर घेऊन दारापर्यंत येते, माझ्यावर हात टेकते, दम खाते आणि परत जाते. तेवढ्यासाठी मी जागा मोकळी ठेवून असतो.

मागणं एकच आहे. मला पुजा, हवी तेवढी हळद लावा, पण बंद ठेवू नका. आणि घरात जे न बोलता रोज राबतं, त्याच्याकडे खंडेनवमीला एकदा वळून बघा. पुढच्या वर्षी पाटावर विळी आधी मांडायची आणि त्या दिवशी ती उचलायची नाही, असं दत्तारामने ठरवलं आहे. नारळ मग कशावर खवणार, हे मात्र त्याने अजून सुगंधाला सांगितलेलं नाही.